चालता कॉम्प्युटर मोडीत का काढायचा?

दहा वर्षं वापरलात ना, आता नवा घ्या. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं असतं. दुकानदार तेच सांगतो, मुंबईत नोकरीला असलेला भाचा तेच सांगतो, तंत्रज्ञानाच्या सदरांतूनही तोच सल्ला मिळतो. जुनं मशीन असुरक्षित असतं, वीज खातं, दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही, आणि तसंही आता सगळं मोबाईलवर होतं. यावर कोणी कां-कूं केली की त्याला बदलाची भीती वाटते असा शिक्का मारून विषय संपवला जातो.

हा शिक्का मला मान्य नाही. नवा कॉम्प्युटर घेताना लोक वैतागतात, त्याचं कारण सवय मोडणं हे नाही. घरात चालू असलेली वस्तू दुसऱ्याच कोणीतरी तारीख लावून मोडीत काढली आणि त्याचा सगळा भुर्दंड मालकाच्या माथी मारला, याचा तो राग आहे. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीसारख्या भागात हा भुर्दंड दुकानाच्या बिलावर दिसतो त्याहून कितीतरी मोठा असतो.

तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला नेहमीचे फुकट सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. त्याच मशीनवर विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१६ साली हप्त्यांवर घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा डेस्कटॉप यादीच्या बाहेर. कॅनालिस या बाजार-अभ्यासक संस्थेने डिसेंबर २०२३मध्येच अंदाज वर्तवला होता की या एका निर्णयामुळे जगातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात. ही अट सुरक्षेसाठी अपरिहार्य आहे, असं कंपनी सांगते. पण ऑगस्ट २०२१मध्ये तिने ही यादी थोडी वाढवली, तेव्हा सातव्या पिढीतला ७८२०एचक्यू हा प्रोसेसर तीत घेतला. तो कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या मशीनमध्ये बसवलेला होता. त्याच पिढीचे प्रोसेसर असलेली लाखो साधी मशीनं बाहेरच राहिली.

सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरच्या, अपडेट न केलेल्या विंडोज मशीनांवरच्या फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या पोलिसांच्या कॉम्प्युटरांनाही त्याची झळ बसली. अपडेट बंद झालेल्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी कोणालाही सांगेन. पण त्याच वॉनाक्रायच्या वेळी काय झालं तेही सांगायला हवं. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला होता. तरी तीन वर्षांनी, विषाणू पसरताच, मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी दुरुस्ती काढली आणि सगळ्यांना फुकट दिली. मनात आणलं तर करता येतं, याचा हा पुरावा.

आणि आत्ताही ते केलं जातंच आहे. विंडोज १०ची एक खास आवृत्ती औद्योगिक आणि व्यावसायिक यंत्रांत बसवली जाते. तिला १३ जानेवारी २०३२पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कंपन्या आणि संस्थांना दरवर्षी वाढत जाणारे पैसे भरून ऑक्टोबर २०२८पर्यंत अपडेट विकत घेता येतात. घरगुती ग्राहकाला मात्र एकच वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. तेही ३० डॉलर भरून, नाहीतर कंपनीचं खातं उघडून आपल्या सेटिंग्ज तिच्या सर्व्हरवर ठेवायला कबूल होऊन, नाहीतर तिच्या बक्षीस योजनेतले हजार गुण खर्चून. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी याला हरकत घेतली, तेव्हा सप्टेंबर २०२५मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशांसाठी पैशाची आणि बॅकअपची अट काढून टाकण्यात आली. दुरुस्त्या तयार होत आहेत, त्या जुन्या मशीनवर चालतही आहेत. फक्त डहाणूच्या घरात त्या येऊ द्यायच्या की नाहीत, हा व्यापारी निर्णय आहे. त्याला ‘तंत्रज्ञान पुढे गेलं’ हे नाव देऊ नये.

आता ‘दुरुस्तीत पैसे घालू नका’ या सल्ल्याकडे येऊ. किनाऱ्यालगतच्या गावांत, बोर्डी-घोलवडपासून चिंचणीपर्यंत, पावसाळ्यात कॉम्प्युटर एकाएकी उठत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच राहतो. कधी नुसतेच बीप वाजतात. घेऊन गेलात तर ‘मदरबोर्ड गेला, नवाच घ्या’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते. अशा वेळी आधी वायर काढून डबा उघडावा आणि रॅमची पट्टी बाहेर काढून बघावी. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. खाऱ्या दमट हवेने त्यांच्यावर काळपट थर धरलेला असतो. मुलांच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेऊन दोन्ही बाजू हलक्या हाताने घासायच्या, चुरा कोरड्या ब्रशने झाडायचा, आणि दोन्हीकडचे खटके वाजेपर्यंत पट्टी सरळ दाबून बसवायची. खूप वेळा एवढ्यावर मशीन उठतं. दुसरी नेहमीची तक्रार तारखेची. बोर्डवरची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली की कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, मग बँकेची आणि सरकारी संकेतस्थळं उघडेनाशी होतात, आणि घरचे समजतात की मशीनच जुनं झालं. ती बॅटरी कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. लाईट जाता-येता व्होल्टेजचा झटका बसून पॉवर सप्लाय जळतो, तोही सुटा बदलता येतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर दहा वर्षांचं मशीन दोन-अडीच मिनिटांऐवजी काही सेकंदांत चालू होतं. या सगळ्यावर होणारा खर्च नव्या मशीनच्या किमतीशी ताडून बघा आणि मग सांगा, पैसे कुठे वाया जातात.

नव्यात ही सोय उरलेली नाही, हे सल्ला देणाऱ्यांना माहीत नसतं किंवा ते सांगत नाहीत. डेस्कटॉपच्या जागी दुकानदार पातळ लॅपटॉप पुढे करतो. त्यातल्या पुष्कळशा मॉडेलांत रॅम बोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली असते. ती बिघडली की अख्खा बोर्ड बदला. गावातला हुशार पोरगा, जो आजवर शंभर-दोनशे रुपयांत काम करून द्यायचा, त्याच्या हातात काही राहत नाही. मग अधिकृत सेवा केंद्र शोधायचं. ते बहुधा पालघर-बोईसरला, विरारला, नाहीतर सरळ मुंबईत. तलासरीच्या माणसाला महामार्गाने वापी जवळ पडतं, म्हणून तो खरेदी तिथे करतो. ते दुसरं राज्य आहे; तक्रार पुढे न्यायची वेळ आली की गुजराती विक्रेता आणि महाराष्ट्रातलं सेवा केंद्र यांच्यामध्ये तोच सापडतो. २०१३पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे मशीन मांडीवर घेऊन विरारला जाता येतं खरं. पण गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते, वाडीतलं काम राहतं, आणि ‘पार्ट मागवलाय, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकून परत यावं लागतं. हा खर्च कुठल्याही जाहिरातीत धरलेला नसतो.

यातलं सगळ्यांत दुखरं मात्र वेगळंच आहे. जुन्या मशीनवर आपली मराठी असते.

सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखाच चालणारा युनिकोड हा संकेत रुळण्याआधी महाराष्ट्रात सगळी डीटीपी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर झाली. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, वाचनालयांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, कोणाच्या आजोबांच्या आठवणी. या प्रणालींत प्रत्येकाचा संकेत वेगळा. त्यातल्या काहींना संगणकाच्या मागे लावायचं कुलूप, म्हणजे डोंगल, असायचं. त्या कुलपाचा जुना ड्रायव्हर ३२ बिटांचा. विंडोज ११ला ३२ बिटांची आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. जुन्या प्रिंटरचीही तीच गत. पानांची मांडणी करायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याच्या फायली उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस६, आणि तीही विक्रीतून गेली. आणि एखादी फाइल उघडलीच, तरी नव्या मशीनवर तो जुना फॉन्ट नसल्याने देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं दिसतात.

आमच्या घरच्या डेस्कटॉपवर गावातल्या जुन्या जाणत्यांनी सांगितलेल्या आठवणी टाइप करून ठेवलेल्या आहेत. त्यातलं एक पान मी रूपांतरकात घालून युनिकोडमध्ये आणलं. बरंचसं नीट आलं. पण पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकली होती, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता, आणि जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली अक्षरं ओळीत उभी होती. गावांची आणि पाड्यांची नावं सगळ्यांत जास्त बिघडली होती. ती कोणत्याही शब्दकोशात नसतात, त्यामुळे दुरुस्त करणाऱ्याला ती मुळातच ठाऊक असावी लागतात. अशा प्रत्येक पानाशेजारी जुन्या मशीनवरचं मूळ पान उघडून ताडून बघावं लागतं. म्हणून जुनं मशीन जिवंत असणं ही त्या मजकुराच्या बचावाची अट आहे. ‘डेटा पेन ड्राइव्हवर घ्या आणि डबा देऊन टाका’ असं म्हणणाऱ्याने मराठीत कधी काही जपून ठेवलेलं नसावं. चिकूच्या बागायतदारांचे हिशेब घ्या, कोणत्या तोडीला किती पेट्या गेल्या, कोणत्या व्यापाऱ्याने काय भाव दिला. तेही अशाच जुन्या फॉन्टांत आणि जुन्या प्रोग्रॅमांत अडकलेले आहेत.

नवं मशीन घरी आलं तरी ते आपलं होतंच असं नाही. विंडोज ११च्या होम आवृत्तीला पहिल्यांदा चालू करतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ज्या घरात कोणाचा ईमेल नाही, किंवा आहे पण पासवर्ड कोणाला आठवत नाही, तिथे दुकानदार आपल्याच सोयीने एखादं खातं उघडतो आणि मशीन हातात देतो. पुढे काय होतं ते समजून घ्या. २०२४च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज ११मध्ये बऱ्याच मशीनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. उद्या मशीन बिघडलं, किल्ली मागितली आणि ते खातं कोणाचं हेच कळलं नाही, तर मुलांचे फोटो, दाखल्यांच्या प्रती, हिशेब, सगळं कायमचं गेलं. जुन्या मशीनमध्ये निदान डिस्क काढून दुसरीकडे लावता यायची. सुरक्षेच्या नावाने घेतलेल्या वस्तूत आपलाच मजकूर आपल्यालाच बंद व्हावा, आणि ग्राहकाला ते मराठीत कोणी सांगूही नये, हे मला अक्षम्य वाटतं.

मोबाईलवर सगळं होतं म्हणतात. ज्यांची सगळी कामं दुसरं कोणीतरी करून देतं त्यांची होत असतील. आमच्या भागातल्या आदिवासी विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा असतो, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक ठरावीक आकारात बसवून चढवायचं असतं. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात न्यायच्या कागदांची छापील प्रत लागते. अकरावीचा प्रवेश २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झाला. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. तो अंगठ्याने काचेवर येत नाही, त्याला कळफलक आणि रोजचा सराव लागतो. कळफलक नसलेला मुलगा झेरॉक्सच्या दुकानात पानामागे पैसे मोजतो आणि सराव शून्य. पाड्यावर एका घरात कॉम्प्युटर असला तर तो त्या एका घराचा राहत नाही, आजूबाजूची चार-पाच घरं त्यावर अर्ज भरतात. तो बंद पडला तर तेवढ्यांची सोय जाते. नवं घेण्याचा सल्ला देणाऱ्याने ३५-४० हजारांचा आकडा या घरांसमोर ठेवून बघावा. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, आणि २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव जगभर कडाडले आहेत. लोकांवर मशीन बदलायची पाळी आली तीही नेमकी याच वेळी.

राहिला विजेचा आणि पर्यावरणाचा मुद्दा. नवं मशीन चालताना वीज कमी घेतं हे खरं. पण कॉम्प्युटर चालवण्यापेक्षा तो बनवण्यात निसर्गाची लूट जास्त होते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४मध्ये हिशेब मांडला होता: त्या काळचा एक डेस्कटॉप आणि १७ इंची मॉनिटर बनवायला निदान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड हजार किलो पाणी खर्ची पडत होतं. यंत्रं बदलली, आकडेही बदलले असतील, पण घरात रोज दोन-तीन तास चालणाऱ्या मशीनच्या विजेची बचत हा खर्च भरून काढायला फार वर्षं घेते. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. ती अधिसूचना टिकवण्यासाठी इथली माणसं वर्षानुवर्षं कोर्टात लढली. अशा तालुक्यातून निघणारा कॉम्प्युटर जातो मात्र भंगारवाल्याच्या टेम्पोत, वजनावर. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, ई-कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. पण भंगारवाल्याचा तराजू सोडून दुसरा रस्ता इथल्या ग्राहकाला कोणी दाखवलेला नाही. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात काय जातं, हे विजेची बचत मोजणाऱ्यांनी हिशेबात धरावं.

पर्याय आहेत, आणि तेही ‘नवा घ्या’वाल्यांनी सांगायला हवे होते. लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली अशा मशीनवर व्यवस्थित चालते, तिला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, आणि तीत मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक पहिल्यापासून असतो. केरळने आपल्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं मुक्त प्रणालीच वापरली आहे. अडचणी नाहीत असं नाही: काही प्रिंटर चालवताना घाम फुटतो, डिजिटल सहीच्या कुलपांचं गाडं अडतं, काही सरकारी प्रणाली विंडोजच गृहीत धरतात. ही शेवटची अडचण तर सरकारला एका आदेशाने दूर करता येईल. नागरिकाला लागणारं प्रत्येक सरकारी संकेतस्थळ कुठल्याही प्रणालीवर, कुठल्याही ब्राउझरवर चाललं पाहिजे, एवढी साधी अट निविदेत घालायची आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट. पण प्रणालीचा आधार किती वर्षं मिळणार, हे बिलावर छापण्याची सक्ती झाल्याशिवाय त्या हक्काला अर्थ नाही. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, चाळीस हजारांच्या वस्तूवर का छापत नाहीत? तलासरी-डहाणूतल्या आयटीआयमधून बोर्ड-दुरुस्तीचं शिक्षण मिळालं, शाळांनी वापरातून काढलेली मशीनं दुरुस्त करून पाड्यांवर दिली, तर कॉम्प्युटर नसलेल्या कित्येक घरांत तो पोचेल.

तोवर, ज्यांच्या घरात असं मशीन आहे त्यांना माझी विनंती आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून डबा देऊ नका. आधी गावातल्या जाणत्या पोराकडून उघडून बघा. जुन्या फॉन्टातल्या फायलींची प्रत काढा, आणि शक्य असेल तर प्रत्येक पानाची पीडीएफ करा, कारण तीत अक्षर आहे तसं राहतं. नवं घेणं भागच असेल तर खातं आपल्या नावाने, आपल्या समोर उघडून घ्या आणि डिस्कची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आणि मुंबई ग्राहक पंचायत, अखिल भारतीय ग्राहक पंचायत यांना माझं आवाहन आहे. या चळवळी महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात उभ्या राहिल्या, देशाला ग्राहकहक्काची भाषा त्यांनी शिकवली. युरोपातल्या संघटनांनी जे मागून मिळवलं, त्याच्याही पुढे जाऊन भारतातल्या घरगुती ग्राहकासाठी मागा: विनाअट, विनाशुल्क सुरक्षा-अपडेट, कंपन्यांना मिळतात तितकीच वर्षं. ही मागणी १३ ऑक्टोबर २०२६च्या आत जायला हवी.